सोळा आण्यांची बातमी

जगात पूर्ण खरी बातमी नसतेच, आणि चुकून असलीच तर ती आमच्या मामेसासऱ्यांच्या हातून पास होत नाही, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. नाशकाच्या पोलीस खात्यात ते गुप्त बातम्यांच्या शाखेत होते. खबऱ्यांनी गावभर हिंडून आणलेली माहिती वाचायची आणि त्यात खरं किती, ते साहेबाला सांगायचं, एवढंच त्यांचं काम. दिवस चळवळीचे होते. खबऱ्यांना ज्याच्या त्याच्या टोपीखाली बाँब दिसत असे. मामा शांतपणे प्रत्येक बातमीला आण्यांत भाव लावत. सोळा आणे म्हणजे पूर्ण खरी. पण तो भाव त्यांनी उभ्या नोकरीत कुणाला दिला नव्हता. "सोळा आणे फक्त सूर्य उगवल्याच्या बातमीला," ते म्हणत, "आणि तेही ढग नसतील तर."

त्यांचे प्रश्न ठरलेले. कुणी पाहिलं? कुठून पाहिलं? आणि सांगणाऱ्याचं त्यात काय? हे प्रश्न कचेरीत ठेवून घरी यावं, तर तेही नाही. मामी "दूध उतू गेलं!" म्हणून ओरडल्या की मामा विचारत, "पाहिलंस, की नुसता वास आला?" याचा निकाल लागेपर्यंत दूध चुलीत गेलेलं असे. माझं स्थळ आणणाऱ्याने मुलगा उंच, गोरा, निर्व्यसनी असल्याचं सांगितलं, तेव्हा मामांनी त्याला सहा आणे दिले आणि स्वतः चहाच्या दुकानात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या मला न्याहाळलं. शेवटी नऊ आण्यांवर माझं लग्न ठरलं. बायकोने तो भाव अजून वाढवलेला नाही. गावातला कुठलाही माणूस आपण पाठमोरा ओळखतो, हा मामांचा मोठा अभिमान होता, आणि तो खरा होता.

घरात एका नावाची मात्र चोरी होती. माझा मेहुणा, म्हणजे मामांचा सख्खा भाचा, चळवळीत पडून फरारी झाला होता. सापडला की तुरुंग ठरलेला. त्याचं छातीचं दुखणं जुनं, त्यामुळे तुरुंगात गेलेला मुलगा परत येईल, असं भावाकडेच राहणाऱ्या माझ्या सासूबाईंना वाटत नव्हतं. रोज दिवा लावताना त्या रडत आणि मामा उठून बाहेर जात.

त्या वर्षी रंगपंचमीच्या तोंडावर पुण्याहून नवा खबऱ्या आला. आला तो धावतच कचेरीत. "जुन्या गावात भर रस्त्यात माती उकरलीय. खाली लाकडी ओंडके, त्याखाली दगडी तळघर! शेजारी कढयांत काहीतरी उकळतंय. तालमीतले गडी पहाऱ्याला आहेत आणि सगळे म्हणताहेत, पंचमीला धप्पा!"

साहेबही नवाच. त्याने बंदुका काढायला सांगितल्या. मामा पोट धरून हसले. ती होती रहाड. पेशव्यांच्या वेळचा दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली झाकलेला. रंगपंचमीला तो उघडून फुलं उकळून केलेल्या रंगाने भरायचा आणि सगळ्यांनी त्यात उडी मारायची, तिचं नाव धप्पा. मामांनी शेरा दिला, "खबऱ्याच्या डोळ्यांना चौदा आणे, डोक्याला शून्य."

साहेबाला पटेना. "हम खुद देखेगा," म्हणून तो मामांना घेऊन पंचमीला रहाडीवर आला. मी गर्दीत होतोच. डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेले लोक धपाधप उड्या घेत होते. इतक्यात एकाने गुडघे छातीशी घेऊन, डाव्या हाताने नाक धरून उडी मारली आणि मी गर्दीतून पुढे घुसलो. अशी उडी नाशकात एकच माणूस मारत असे, आणि त्याला ती याच रहाडीवर मामांनी शिकवली होती. इतके दिवस सरकारला चकवणाऱ्या पठ्ठ्याला रहाडीचा मोह काही आवरला नव्हता!

उडालेल्या रंगाने साहेब आणि मामा दोघेही न्हाले. मेहुणा नेमका त्यांच्या पुढ्यात वर आला, डोळे पुसले आणि मामांना पाहून जागीच थिजला. साहेब चष्मा पुसत म्हणाला, "कोई पहचान का आदमी?"

मामांनी भाच्याकडे सावकाश, नीट पाहून घेतलं.

"नहीं साहब. रंग में सब एक जैसा दिखता है." मग भाच्यावर खेकसले, "काय बघतोस रे? हो बाजूला, दुसऱ्यांना येऊ दे!"

तो गर्दीत दिसेनासा झाला. त्यानंतर मामींचं दूध मात्र बिनचौकशी उतू जाऊ लागलं.

पुढे चळवळ निवली, त्याच्यावरचं वॉरंट उठलं आणि मेहुणा घरी आला. मामांची तोवर पेन्शन झाली होती. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी थट्टेने विचारलं, "मामा, त्या दिवशी साहेबाला सांगितलंत, त्याला किती आणे?"

मामा हसले नाहीत. "कुणी पाहिलं? मी. कुठून? हातभरावरून." "आणि सांगणाऱ्याचं त्यात काय?" इथे त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली. आत मेहुणा आईला काहीतरी सांगून हसवत होता.

"शून्य द्या, जावईबुवा," ते म्हणाले, "सांगणारा त्याचा मामा होता."