दाखव बरं

जयपूरजवळ सीतापुऱ्यात नोकरीला होतो तेव्हा दर रविवारी दुपारी आम्ही तिघं मराठी पोरं वरच्या मजल्यावरच्या काकांकडे पोकर खेळायला जायचो. काका विमा कंपनीतले, बदलीवर जयपुरात एकटेच राहत. पैशांऐवजी आम्ही काबुली चणे लावायचो. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, आणि सगळ्यांच्या वाटची पाच मधे एकेक करून उघडायची.

मधलं शेवटचं पान उघडलं की काका स्वतःहून एक चणाही लावत नसत. "चेक" म्हणून पाळी पुढे सोडायचे आणि चष्मा पुसत बसायचे. समोरच्याने जोरात चणे ढकलले की त्याच्या तोंडाकडे बघत आपलेही तेवढेच सरकवायचे आणि हळूच म्हणायचे, "दाखव बरं." थाप मारणारा हमखास सापडायचा.

आईचे दिवस करून गावाहून परतलो, त्या रविवारीही मी गेलो. ती असताना पोचलो नव्हतो, हे काकांना ठाऊक होतं.

"कसा आहेस?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे."

त्या दुपारी हातात काहीच नसताना शेवटच्या पानावर मी सगळे चणे पुढे ढकलले. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपली पानं पालथी टाकली.

"तुझा डाव," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

मी त्यांची पानं उलटून पाहिली. दोन राजे होते, आणि तिसरा मधे उघडा पडलेला.

मित्रांनी चण्यांचा ढीग माझ्यापुढे सरकवला. मला मात्र काकांनी फक्त "दाखव बरं" म्हणायला हवं होतं.