बॅकस्पेसनं गिळलेलं गाव

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. मला नांदेडहून तिथल्या कचेरीत कॉम्प्युटरसाठी आणलं होतं. अख्ख्या मराठवाड्यात माझ्या तोडीचा प्रोग्रॅमर नाही, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. कुणी खोटं पाडलं नाही, कारण दुसऱ्या कुणी कॉम्प्युटर पाहिलाच नव्हता. ऊन असं होतं की भिंतीवरच्या पाली सावलीसाठी एकमेकींच्या अंगावर चढायच्या. गारवा फक्त मशीनच्या खोलीत.

मशीनबरोबर कंपनीनं बेसिकचा इंटरप्रिटर दिला होता, म्हणजे आपण लिहिलेली ओळ वाचून लगेच मशीनकडून करून घेणारा दुभाषी. त्यात मी टँकरचा प्रोग्रॅम लिहिला. जिल्ह्यातल्या गावांची मूळ यादी टायपिस्ट बाईंनी आधीच भरली होती. दर आठवड्याला पाणी मागणाऱ्या गावांची नावं मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची; मूळ यादीशी नाव जुळलं की गावाला टँकर.

मुरुडपलीकडचं एक गाव दोन आठवडे जुळेना. पडद्यावर नाव अगदी बरोबर, आणि खाली उत्तर : असं गाव नाही. मीही तालुक्याला तसंच कळवून टाकलं. तिसऱ्या आठवड्यात त्या गावचे पोलीस पाटीलच समोर येऊन उभे राहिले.

"साहेब, आमचं गाव न्हाई म्हणता?"

"मी नाही पाटील, मशीन म्हणतं."

"मग म्या सकाळी कुठनं निघालो ते बी मशीनलाच इचारा. हीर आटली हे खरं हाय. गाव बी आटलं का?"

त्यांच्यादेखत मी नाव पुन्हा टाइप केलं. घाईत याही वेळी एक अक्षर चुकलं, बॅकस्पेसनं मागं जाऊन बरोबर केलं. उत्तर तेच. शेजारच्या टेबलावरून बाई उठल्या. त्या कंधारच्या. टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या, बोलणं टाइपच्या खिळ्यांसारखंच मोजकं.

"सरका जरा," म्हणाल्या. त्यांनी तेच नाव एका दमात, न चुकता टाइप केलं. गाव सापडलं.

"बाईंच्या हाताला गुण हाय," पाटील म्हणाले.

"गुण कसला? साहेब मागं जाऊन वर दुसरं अक्षर हाणायलेत. आमच्या टायपिंग क्लासात असं केलं की मास्तर कागद उजेडाला धरायचे. खालचं अक्षर दिसायचंच."

मी हसलो. हा पडदा आहे बाई, कागद नव्हे, असं काहीतरी बोललोही. पण मनात खुटखुटलं. इंटरप्रिटरलाच विचारलं, मी टाइप केलेल्या नावाची अक्षरं किती? नाव सहा अक्षरांचं. तो म्हणाला, आठ. चुकलेलं अक्षर एक आणि बॅकस्पेस हेही एक अक्षरच. पडद्यानं चूक झाकली होती, इंटरप्रिटरनं जपून ठेवली होती. मॅन्युअल मी तीनदा वाचल्याचं कचेरीतल्या मोठ्या साहेबांना सांगितलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. शेवटच्या पानांत बारीक अक्षरांत होतं : हा इंटरप्रिटर खोडतो फक्त डिलीटच्या बटणानं. नाव मुद्दाम चुकवून डिलीटनं खोडून पाहिलं. सहा भरली.

मग गेल्या आठवड्यांत गळालेली गावं काढली. एकूण एकात माझं बॅकस्पेस.

"म्हंजी मशीन बरोबर व्हतं," पाटील म्हणाले.

तांत्रिक अडचण होती, असं सांगायला मी तोंड उघडलं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

"चूक माझी होती," मी म्हणालो. एवढं छोटं वाक्य मी नोकरीत त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं.

 पाटील यादीवर मोठ्या साहेबांची सही होईपर्यंत व्हरांड्यात बसले. बसनं जा म्हटलं तर ऐकेनात. संध्याकाळच्या आत टँकर भरला, तेव्हा ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि रस्ता सांगायला लागले.