हौसाक्काचा उजवा पाय

नवरात्र चालू आहे. दुपारी वऱ्याचे तांदूळ खाऊन मी कॉटवर आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच स्वयंपाकघरात कुणाची तरी चाल ऐकू येते. एक पाय टेकतो, मग दुसरा.

हौसाक्का, माझी थोरली जाऊ. वारली तेव्हा तिला उजवा पाय नव्हता. मांडीतली नस स्प्रिंग घालून उघडली होती. वर्षाच्या आत पुन्हा बुजली आणि पाय काढावा लागला. आता मात्र ती दोन पायांवर उभी आहे.

"मिसरी लावलीस का गं, कौशे?"

"सकाळी एकदाच. दाताला लावते, विडी थोडीच ओढते?"

"मीबी डॉक्टरला हेच सांगायची." ती हसते. तिचे दात अजून काळेच आहेत. "तंबाखूच की गं ती. चल."

उन्हाळ्यात माझ्या उजव्या पायाची बुजलेली नस फुगा घालून उघडली, त्या दवाखान्यातून आम्ही चालतो आहोत. फरशी ओली आहे. मग फरशी नाही, मळ्यामागचा पाट आहे. लुगडी खोचून आम्ही दोघी पूर्वीसारख्या गाळ उपसतो आहोत.

"गाळ काढला की पाणी पळतं," अक्का म्हणते. "पर काठ बघ."

दोन्ही काठ हळूहळू आत सरकतात. माती नव्हे, मांसच ते. मधे पाण्याची बारीक धार उरते.

"रगत पातळ करायच्या गोळ्या घेतीस?"

"उपासाला औषध कसं चालेल? दसऱ्यानंतर घेईन. नस तर उघडलीय."

"मी श्रावणभर सोडल्या हुत्या."

तिच्या उजव्या घोट्यावर विळ्याचा जुना वण दिसतो. तसा वण माझ्या घोट्यावर आहे.

"अक्का, हा पाय कुणाचा?"

"तू टाकलास, मी उचलला." ती वाकून माझ्या उजव्या पायाचा अंगठा दाबते. "अजून नीट बसत न्हाई. दसऱ्यापातूर बसंल."

मी कॉटवर उठून बसते. डावा पाय उबदार आहे, उजवा गार पडलाय.

"रोहिणी, माझी गोळी आण."

सून दारात येते. "आत्या, उपास आहे ना?"

"मोडला म्हण. आणि गाडी काढायला सांग, दवाखान्यात जायचंय."

ती पायाशी वाकते. "इथं कुणी दाबलं, आत्या?"

अंगठ्यावर बोटाएवढा पांढरा ठसा आहे. आम्ही दोघी बघत राहतो. त्यात रंग परत येत नाही.