फिल्टरमधून आलेला कवडसा

आज गाडीचा नवा एअर फिल्टर खोक्यातून काढला आणि त्याच्या कडेच्या रबराच्या वासाने बऱ्याच वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. दुसऱ्या दिवशी घाट उतरून सहकुटुंब कोकणात जायचे होते आणि शाहूपुरीतला मेकॅनिक म्हणत होता, जुना फिल्टर टाकून द्या, नवा बसवा. मला ते मोजल्याशिवाय पटेना. दुकानातून दोन नवे फिल्टर आणले, घरी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर एकेक फिल्टर लावला, मधे पारदर्शक नळी जोडली आणि तिचे टोक कुंकवाच्या पाण्यात बुडवले. फिल्टर जितकी हवा अडवेल तितके नळीत पाणी वर चढायचे. नव्या कागदी फिल्टरला ते चार सेंटिमीटर चढले, तेल लावलेल्या नव्या कापडी फिल्टरला तीन, आणि माझ्या जुन्याला जेमतेम एक! वही घेऊन मी ऐटीत गॅरेजवर गेलो. "जुन्यातूनच सगळ्यात जास्त हवा जाते," मी सांगितले. मेकॅनिकने तो फिल्टर उन्हात धरला, तर बोटाएवढा कवडसा थेट माझ्या वहीवर पडला. "सायेब, उंदरानं कुरतडलंय की! हवा जाणारच, पण संगट धूळबी जातीया इंजनात, त्येचा आकडा कुठं हाय?" तो ओरडला. सगळे गॅरेज हसले, मीही हसलो आणि नवा कागदी फिल्टर बसवून घेतला. मोजायची सवय अजून गेलेली नाही. फक्त आता फिल्टर आधी उन्हात धरतो. आजही धरला, वहीवर कवडसा काही पडला नाही.