रपट्यापलीकडच्या वीस कुप्या

तुमसर तालुक्यात, बपेऱ्यापलीकडे मध्य प्रदेशाची हद्द लागते त्या अंगाला एक सरकारी आरोग्य केंद्र आहे. तिथल्या औषधाच्या खिडकीमागे रत्नमाला रामटेके अकरा वर्षं बसली. माहेर आसगावचं. तिचे वडील बाबुलाल आयुष्यभर धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात राबले, पण पोरीला त्यांनी नागपूरला ठेवून औषधांचं शिक्षण दिलं. कामात ती चोख होती, बोलायला कमी. तिला भांडखोर म्हणावं असं कुणाला कधी वाटलं नव्हतं.

केंद्राखालची चार गावं नाल्यापलीकडे. जायला एक रपटा, म्हणजे पात्रालगतच बांधलेला ठेंगणा पूल. वर डोंगराकडे पाऊस झाला की तो पाण्याखाली जायचा आणि कधी पाच तास, कधी दोन दिवस वर यायचा नाही. लोकांना त्याची सवय होती. रत्नमालालाही होती.

मग एका श्रावणात बुधरामला घोणस चावली. बुधराम ढिवर समाजातला, तळ्यावर जाळं टाकायला गेला होता. लोकांनी त्याला खाटेवर घालून रपट्यापर्यंत आणलं, तर रपटा बुडालेला. फोन आला तशी रत्नमाला सर्पदंशाच्या लशीच्या कुप्या पिशवीत घालून अलीकडच्या काठावर जाऊन उभी राहिली. पलीकडची खाट तिला दिसत होती. खाटेजवळ बसलेली त्याची बायको मंदाबाई दिसत होती. औषध होतं, माणूस होता, मधे साठ हात पाणी होतं. पाणी ओसरायला अडीच तास लागले. बुधराम तेवढा थांबला नाही.

त्या महिन्याच्या अहवालात तिला लिहावं लागलं: सर्पदंश लस, वापर शून्य.

तो शून्य तिच्या मनातून जाईना. जिल्ह्याच्या भांडारातून औषध यायचं ते मागच्या वर्षीच्या वापरावरून. वापर कमी तर पुरवठा कमी. एकच भांडार, एकच गाडी, एकच रस्ता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला बुडणारा रपटा. रत्नमालाने जुन्या नोंदवह्या काढल्या. साप चावल्याच्या नोंदी बहुतेक भाताच्या रोवणीपासून धान कापेपर्यंतच्या होत्या. रपटा बंद राहायचा तोही त्याच दिवसांत. आणि रपटा बंद असलेल्या दिवसांत पलीकडच्या गावांची एकही नोंद नव्हती. त्या दिवसांत तिकडे साप चावत नव्हते असं थोडंच होतं.

तिने पावसाळ्याआधी जास्तीच्या साठ्याची मागणी पाठवली. ती कापून परत आली. तेव्हा ती स्वतः भंडाऱ्याला गेली. भांडारपाल धनंजय माणूस वाईट नव्हता. त्याने तिला बसवून चहा पाजला आणि समजावलं, की सगळीच केंद्रं जास्त मागतात, मग कुप्यांची मुदत संपते आणि तपासणीत मान त्याची अडकते. मागच्या वर्षी तिच्याकडे जेवढं लागलं तेवढं तो देतच होता.

"तुमच्या कागदात जो पोचला तोच दिसते, सर," रत्नमाला म्हणाली. "जो पोचलाच नाही तो कुठी दिसते?"

धनंजयकडे द्यायला जास्तीच्या कुप्या नव्हत्या. मग तिनेच वाट काढली. शहरालगतच्या केंद्रांना मोठं रुग्णालय जवळ, त्यांच्याकडे लस पडून राहायची. अशा तीन ठिकाणी जाऊन ती तिथल्या औषधनिर्मात्यांशी बोलली आणि वर्षअखेरीस मुदत संपणाऱ्या कुप्या रीतसर पावती करून आपल्या केंद्रावर घेतल्या. इथवर सगळं नियमात होतं.

पुढचं नव्हतं. मे महिन्यात तिने त्यांतल्या वीस कुप्या, सलाइन आणि लशीची रिॲक्शन आली तर द्यायची इंजेक्शनं एका पत्र्याच्या पेटीत भरली आणि रपट्यापलीकडच्या उपकेंद्रात नेऊन ठेवली. तिथे रक्षा नावाची आरोग्य अधिकारी एकटीच असायची. डॉक्टर नाही तिथे ही लस ठेवायची नाही, असा तोंडी दंडक होता. केंद्राच्या डॉक्टर मोना नव्या होत्या. त्या नाही म्हणाल्या नाहीत, पण लिहूनही देईनात. तेव्हा रत्नमालाने स्वतःच लिहिलं, की ही पेटी माझ्या जबाबदारीवर, आणि खाली सही केली. चार रविवार ती रक्षाकडे गेली. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर घोणशीचं विष भिनलं असं समजायचं, मग फोनवर डॉक्टरांना विचारून लस चालू करायची, हे त्या दोघींनी पुन्हा पुन्हा घोकलं. पलीकडच्या गावातल्या जीपवाल्या विनोदशी बोलून ठेवलं, की रपटा बंद असेल तर रोग्याला उलट्या दिशेने, हद्दीपलीकडच्या रुग्णालयात न्यायचं. तो रस्ता लांबचा होता, पण बुडत नव्हता.

जूनमध्ये तपासणी झाली आणि वीस कुप्या जागेवर नाहीत असं निघालं. तिला नोटीस आली: परवानगीशिवाय औषध हलवलं, तीन दिवसांत परत आणा आणि खुलासा द्या. नवरा अश्वजित शाळेत मास्तर, सरकारी कागदाला भिणारा. आता तरी ती पेटी परत आण, असं त्याने दोनदा सांगितलं. तिने खुलाशात दोन ओळी लिहिल्या: पेटी पावसाळा संपल्यावर परत येईल, तोपर्यंत रपटा उघडा राहील याची लेखी हमी कार्यालयाने दिल्यास उद्याच आणते. हमी कुणी दिली नाही. पेटी तिथेच राहिली.

रोवणी जोरात असताना, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ममताला साप चावला. रोवणीच्या मजुरीवर आलेली, तिशीची बाई. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं उपटताना हाताच्या बोटांना डसला. रपटा दोन दिवसांपासून पाण्याखाली होता. रक्षाने केंद्रावर फोन केला तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. नळीतलं रक्त पाण्यासारखं पातळ राहिलं होतं.

डॉक्टर मोना एकेक सूचना शांतपणे सांगू लागल्या. रत्नमाला फोनशेजारी उभी होती. पत्र्याची पेटी, मेची झळ, कुप्या टिकल्या असतील ना, हे तिच्या डोक्यात फिरत होतं. दहा कुप्या सलाइनमधून गेल्या. मधेच ममताच्या अंगावर गांध्या उठल्या, दम लागला. रक्षाने सलाइन थांबवून पेटीतलं इंजेक्शन दिलं आणि दम बसल्यावर पुन्हा सुरू केलं. दुपारी विनोदच्या जीपने तिला हद्दीपलीकडे नेलं, उरलेल्या दहा कुप्या मांडीवर घेऊन रक्षा सोबत गेली. तिथे त्याही लागल्या.

ममता वाचली. तिची दोन बोटं आता वळत नाहीत, पण ती रोवणीला जाते.

पुढच्या मार्चमध्ये जिल्ह्याचा आदेश निघाला, की पुरात संपर्क तुटणाऱ्या उपकेंद्रांत पावसाळ्यापूर्वी लस ठेवावी. त्यात रत्नमालाचं नाव नव्हतं, आणि ते असावं असं तिला वाटलंही नाही. नोटीस मात्र तिच्या फाइलमध्ये तशीच होती. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून मोकळेपणाने सांगितलं, की झाल्याबद्दल दिलगीर आहे एवढी एक ओळ लिहा, नोटीस आणि तुमचा खुलासा दोन्ही फाइलमधून काढून टाकू.

"दिलगीर मी त्या काठावर होतो, साहेब, हातात औषध घेऊन," ती म्हणाली. "पेटीसाठी नाही."

साहेबांनी विचारलं, की मग हा डाग आयुष्यभर नोकरीच्या कागदांत राहू द्यायचा का?

"राहू द्या. पण माह्यावाला खुलासाही संगंच राहू द्या. वाचणाऱ्याले समजन तरी."

ते दोन्ही कागद आजही फाइलमध्ये आहेत. उन्हाळ्यात तिची बदली झाली, वैनगंगेकाठच्या पवनी तालुक्यात. निघायच्या आदल्या दिवशी ती रक्षाकडे गेली आणि नव्या वर्षाची मागणी कशी लिहायची ते दाखवू लागली. रक्षाने तिला कागद दाखवला. मागणी लिहून झाली होती. वीस नव्हे, चाळीस कुप्यांची.