लव्हॉनने परत आणलेली मुलं

लव्हॉन स्टिडमला आमच्या केंद्रातली मुलं घाबरायची, आणि काही बिनसलं की पहिला फोन तिलाच करायची. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरात, खाणी बंद पडलेल्या आमच्या गावाबाहेर हे सरकारी खर्चाने चालणारं केंद्र. शाळा सुटलेली, घर असून नसल्यासारखी पोरं-पोरी इथे राहायची, जेवायची आणि हाताला एखादं काम शिकून बाहेर पडायची. मी तिथल्या स्वयंपाकघरात गेली एकवीस वर्षं आहे. लव्हॉन गवंडीकाम शिकवायची; लग्न झालेलं असलं तरी पोरं तिला आदराने ‘मिस लव्हॉन’च म्हणायची.

ती स्वतः इथेच शिकलेली. सतराव्या वर्षी सावत्र बापाने घराबाहेर काढलं तेव्हा आली होती. मुलींनी शिवण नाहीतर टायपिंग शिकायचं, असा तेव्हाचा रिवाज. ही तीन दिवस गवंड्यांच्या शेडच्या दारात उभी राहिली. शेवटी मास्तरांनी कंटाळून तिच्या हातात थापी दिली.

शिकवताना ती दयामाया दाखवत नसे. मुलांनी दिवसभर बांधलेल्या भिंतीला ती ओळंबा लावायची आणि भिंत बोटभर जरी कललेली निघाली तरी लाथ घालून पाडायची. मग जेवणाच्या वेळी माझ्याकडे येऊन हळूच सांगायची, त्या पोराला आज घेवड्याचे दाणे जरा जास्त वाढ, आणि मक्याचा पाव दोन तुकडे दे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वॉशिंग्टनहून पत्र आलं. खर्च परवडत नाही, महिनाअखेर केंद्र बंद, मुलांना घरी पाठवा. संचालकांनी ते भोजनगृहात उभं राहून वाचून दाखवलं. बसच्या तिकिटांसाठी प्रत्येकाने घरचा पत्ता लिहून द्यायचा होता. लुइव्हिलहून आलेली टेशा ग्रिग्सबी नावाची मुलगी होती, लहानपणापासून परक्या घरांत वाढलेली. तिने शांतपणे विचारलं, "सर, पत्त्याच्या जागी काय लिहू?" लव्हॉन म्हणाली, माझा लिही. टेशाने मान हलवली, पण लिहिला नाही. मानी पोरगी. मैत्रिणीचा पत्ता देऊन ती बसमध्ये चढली.

दहा दिवसांनी, केंद्र बंद करण्याविरुद्ध दाखल झालेल्या खटल्यात, न्यायाधीशांनी त्या हुकमाला स्थगिती दिली. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. पण तोवर एकशे ऐंशीपैकी जेमतेम तीस मुलं उरली होती. संचालक म्हणाले, जुलैत वॉशिंग्टनहून मुलं मोजायला माणसं येतील. खाटा रिकाम्या दिसल्या तर म्हणतील, बघा, हे कुणाला नकोच आहे. मुलांचे फोन लागत नव्हते. बहुतेकांचे पैसे न भरल्याने बंद पडलेले.

लव्हॉनने कचेरीतून मुलांच्या पत्त्यांची यादी आणली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्याच महिन्यात ठरलं होतं. नवरा अर्ल वैतागला, "अगं, तुला दहा पावलं चालवत नाही."

"मला गाडी चालवायचीय, अर्ल. चालायचंय कुठे?"

पण तिला एकटीला सोडायचं कसं? मी रजा टाकून शेजारी बसले. पाच आठवडे आम्ही तिच्या जुन्या ट्रकमधून डोंगराच्या घळी पालथ्या घातल्या. एका मुलाची आई ओसरीवरून हलेना. परत नेऊन पुन्हा हाकलणार असाल तर नेऊच नका, म्हणाली. बाईचं काही चुकत नव्हतं. लव्हॉनने खोटा दिलासा दिला नाही. "खात्री माझ्याकडे नाही. दार उघडं आहे तोवर त्याची परीक्षा उरकून घेते, एवढंच माझ्या हातात आहे." बाई ओसरीवरून उठली. मग आत जाऊन मुलाची पिशवी घेऊन आली.

सगळेच आले नाहीत. एक तुरुंगात होता. एकीने आम्हाला दारातूनच परत पाठवलं.

टेशा सापडली ती लुइव्हिलमध्ये, कोंबडी तळणाऱ्या एका दुकानामागे, कचऱ्याच्या पिशव्या टाकताना. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"मिस लव्हॉन, मी नाही येणार. पुन्हा पुन्हा सामान बांधायची हौस नाही मला."

लव्हॉन फुटपाथच्या कडेला बसली. "इथे बस. मला उभं राहून बोलवत नाही."

"गुडघ्याचं निमित्त करताय तुम्ही."

"करतेय. तू बांधत होतीस ती विटांची चिमणी अर्धीच राहिलीय शेडमध्ये. तिरकी आहे."

"तिरकी नाहीये."

"चल मग, दाखव."

टेशाने ॲप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि आत मालकाला द्यायला गेली. परतीच्या वाटेवर ती आम्हा दोघींमध्ये अंग चोरून बसली होती. तासाभराने लव्हॉनच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. लव्हॉनने पुढचे ऐंशी मैल तो खांदा हलवला नाही.

उतरल्या उतरल्या पोरगी बांधकाम सरळ आहे का ते बघायची पाणसळ घेऊन शेडमध्ये गेली. चिमणी सरळ होती. लव्हॉन म्हणाली, चष्मा नसेल लावला मी. आणि माझ्याकडे बघायचं तिने टाळलं.

जुलैत मोजणी झाली तेव्हा एकशे बारा मुलं होती. केंद्र चालू राहिलं. लव्हॉनचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं. टेशा डिसेंबरात पास झाली आणि लेक्सिंग्टनला एका ठेकेदाराकडे गवंडीकामाला लागली.

खटला अजून संपलेला नाही. दर सोमवारी सकाळी लव्हॉन काठी टेकत माझ्या स्वयंपाकघरात येते आणि भिंतीवरच्या फोनवरून खासदाराच्या कचेरीत फोन लावते. तिकडची बाई हल्ली नाव विचारत नाही. "बोला मिस लव्हॉन, आज किती मुलं?" एवढंच विचारते, आणि लव्हॉन आकडा सांगते.