मामींचा लांबलेला सूर

आरतीत सूर लांबवण्यात मामींचा हात धरणारं आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत कोणी नव्हतं. बाकीच्यांचा दम संपायचा, झांजा थांबायच्या, निरांजन धरलेले सेक्रेटरी अवघडून उभे राहायचे आणि मामींचं आपलं चालूच! सगळ्या सोसायटीच्याच त्या मामी; माहेर-सासर दोन्ही कणकवलीचं, वय पासष्टीपुढे आणि बोलणं तोंडावर.

गौरीच्या दिवशी त्यांच्याशी फुगडी घालायचा मान माझा, लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. पण त्या वर्षी मी म्हटलं, "मामी, यंदा नको. गुडघा दुखतोय."

"उजवो की डावो?"

"उजवा," म्हणाले आणि डावा चोळला. वाट लागली!

मामींनी दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं. "खोटा बोला नको. शिंकलंस की होता ना?"

पाळी बंद होऊन दीडेक वर्ष झालं होतं. शिंक आली, खदखदून हसले, की थेंब निसटायचे. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सहली, लग्नं सगळं टाळत होते. हसायचंसुद्धा बेताबेतानं, हे काय जगणं झालं? मी जी रडायला लागले ती थांबेचना.

"रडतस कित्याक? माका पण व्हायचा. डॉक्टर कशाक आसत मग?"

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाकावर बसून माझी सगळी कथा अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शेजारची गुजराती बाई मामींकडे सरकून हळूच म्हणाली, "माझं पण सेम आहे हो."

डॉक्टरांनी तपासलं, कोरडेपणासाठी मलम दिलं आणि व्यायाम शिकवला. लघवी रोखताना जे आवळतो ते आवळायचं आणि सोडायचं, श्वास न कोंडता, रोज, काही महिने. रोज कुठलं लक्षात राहतंय, अशी कुरकुर मी घरी येताना केलीच.

"आरती करतस ना रोज? मग सूर लांबव. सुरात आवळ, सूर सुटलो की सोड. सोडूक इसरा नको."

माघी गणपतीपर्यंत मामींनी सोसायटीतल्या पन्नाशीच्या सगळ्याजणींना कामाला लावलं होतं. डोळे मिटून आम्ही असा काही सूर धरला की सेक्रेटरी भारावलेच. "महिलांची भक्ती वाढलीय हां यंदा!"

"बाप्पाची कृपा," मामी शांतपणे म्हणाल्या. हसून हसून आमची पुरेवाट झाली. अगदी कोरडी नव्हते मी अजून, पण फरक होता.

उन्हाळ्यात मामी मुलाकडे कणकवलीला कायमच्या गेल्या. मला त्यांचा असा राग आला! निघताना म्हणाल्या, "फुगडी सोडू नको गे."

यंदा गौरीला शेजारच्या नव्या सुनेचे हात धरले. पदर खोचला आणि गरगर फिरले, हसत, ओरडत, पार चक्कर येईस्तोवर. मग घामाघूम तशीच फोन लावला.

"मामी, फुगडी घातली!"

"आणि?"

"काही नाही झालं. एक थेंब नाही."

पलीकडे एकदम शांत. "हॅलो? मामी? ऐकताय ना?"

आरतीत ज्यांचा दम कधी तुटला नाही, त्या मामींना बोलताच येईना.